रिकामी बाटली

४ मार्च

आई, नमस्कार.

फोनच करणार होते, पण तुमचा नियम आठवला. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाईनी जोडण्यात गेला, आता ते यंत्र कानाला लावायचं ते फक्त कुणी जन्मलं किंवा कुणी गेलं तर. सध्या दोन्हीपैकी काही नाही, म्हणून पत्र.

तुमची नात मजेत आहे. तिला आम्ही आता बाईसाहेबच म्हणतो, कारण घरात हुकूम तिचा चालतो. पाचवा महिना सरत आला. पालथी पडते आणि मग सरळ होता येत नाही म्हणून माझ्यावर खेकसते, जणू मीच तिला उलटी केली. तोंडात दात नाही, पण तोरा बघा! दूध अजून माझंच, आणि तेही थेट. बाटली जवळ नेली की ओठ घट्ट मिटते आणि माझ्याकडे असं बघते की मलाच ओशाळल्यासारखं होतं.

आता मुद्द्याचं. आमच्या वाद्यवृंदाच्या संचालकांचा निरोप आलाय. तीस तारखेला संध्याकाळी मोठा कार्यक्रम आहे. मी सुट्टीवर गेल्यापासून माझ्या खुर्चीवर बदलीची एक बाई व्हायोलिन वाजवते. बरी वाजवत असती तर मला झोप लागली असती, पण ती चांगली वाजवते. संचालकांनी गोड शब्दांत सांगितलं, की तीसला तुम्ही आलात तर खुर्ची तुमची. नाही आलात तर तिला कायम करावं लागेल, बिचारीला किती टांगून ठेवायचं. त्यांचंही बरोबर आहे. पण या शहरात दुसरा वाद्यवृंद नाही, आणि मला दुसरं काही येतही नाही.

हे त्या दिवशी दुपारपाळीला. काचेची भट्टी कुणाच्या कार्यक्रमासाठी थांबत नाही आणि यांचा जोडीदार रजेवर. म्हणून तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशींना विचारलं. त्यांनी दुकान आता लेकाकडे दिलंय, मोकळ्याच असतात, बाळावर जीवही आहे. एकदम तीस तारीख नको म्हणून आधी एक रंगीत तालीम ठरवलीय. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी यांना सुट्टी आहे, तेव्हा आम्ही दोघं संध्याकाळच्या सिनेमाला जाणार. बाळ झाल्यापासून आम्ही एकत्र कुठे गेलो असू तर ते दवाखान्यात.

तुम्हाला काय वाटतं? अंगावर पिणाऱ्या लेकराला टाकून आई सिनेमाला चालली, असं तर नाही ना वाटणार?

तुमची सून


९ मार्च

सूनबाई,

‘टाकून’ हा शब्द आधी खोड. टाकतात कचरा. तू लेकराला तिच्याच घरात एका भल्या बाईच्या हवाली करून चाललीस, तेही सिनेमाला, देशांतराला नव्हे.

जा. जरूर जा. आमचे चिरंजीव अंधार झाला की घोरायला लागतात, तेवढी कोपरखळी मारत राहा. आणि खुर्ची सोडू नकोस. मी बाळंतपणानंतर कामावर रुजू झाले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. माझी आई मात्र तुझ्या नवऱ्याला वाटीचमच्याने पाजायची. निम्मं पोटात, निम्मं मानेच्या घडीत. वाढला की नाही? जरा जास्तच वाढला.

एक युक्ती सांगते. तुझ्या अंगावरचा, चांगला दोन दिवस वापरलेला गाऊन तिच्या उशाशी ठेव. धुतलेला नको. दुधाचा, घामाचा, तुझा असा वास त्याला हवा. डोळे मिटले की तिला वाटेल तू आहेसच. एक्स्चेंजमधल्या आम्ही सगळ्याजणी हेच करायचो.

मी स्वतःच आले असते, पण इथे छपराचं काम काढलंय. गवंडी दोन दिवस येतो, चार दिवस गायब. त्याला सोडून हलता येत नाही.

बाईसाहेबांना माझा पापा सांग.

आई


१७ मार्च

आई,

रंगीत तालमीचा रंग उडाला.

निघण्याआधी पोटभर पाजलं. काढलेलं दूध बाटलीत भरून ठेवलं. ते काढायला मला दोन दिवस ते पंपाचं भोंगं घेऊन बसावं लागतं, एकेका थेंबाला नमस्कार घालावासा वाटतो. तुम्ही सांगितलात तसा गाऊन उशाशी ठेवला. मावशींना म्हटलं, रडली तर हा जवळ द्या. आणि आम्ही निघालो. कोपऱ्यावर यांनी माझा हात धरला. इतक्या महिन्यांनी आम्ही भाजी, लंगोट आणि ताप सोडून काहीतरी बोललो. मला वाटलं, जमतंय की.

मध्यंतरात मावशींचा फोन. मागून बाळाचं रडणं. आम्ही तसेच पळालो. जिन्यातच ऐकू येत होतं. बाटलीला तोंड लावलेलं नाही, चेहरा जांभळा, हुंदके थांबेनात. आणि उशाशी माझा गाऊन! धुतलेला, निळीतून काढलेला, कडक इस्त्रीचा, चौकोनी घडी घातलेला. मावशी बिचाऱ्या म्हणाल्या, “अहो, बाळाच्या तोंडाशी पारोसा कपडा कसा ठेवायचा? मी पटकन धुऊन, इस्त्रीनेच वाळवला.” आयुष्य ज्या कामात गेलं तेच त्यांनी माझ्या प्रेमाखातर केलं. त्यांना काय बोलणार? मी बाळाला छातीशी धरलं आणि दोघी रडलो. हे दाराशी पॉपकॉर्नचा पुडा घेऊन उभे.

मी तीस तारखेला जाणार नाही.

आणि आई, रागावू नका, पण पत्रातून ‘जरूर जा’ म्हणणं सोपं असतं. तुम्ही तिला एकदाही हातात घेतलेलं नाही. दवाखान्यात मी बाळ पुढे केलं तर तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. घरी आलात तेव्हा खुर्चीतून बघितलंत, छान आहे म्हणालात आणि दुसऱ्या दिवशीची गाडी पकडलीत. मी यांना विचारलं तर म्हणतात, आईचं असंच असतं. पण मला आत कुठेतरी वाटत राहतं, की मुलगी झाली म्हणून तर नाही? लिहू नये ते लिहिलं. पण पाकीट बंद केलं की हे मनात तसंच राहील आणि मला ते नकोय.

सून


२२ मार्च

आई,

उत्तर नाही आलं. माझं ते शेवटचं वाक्य पोस्टाच्या पेटीतून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. संचालकांना शुक्रवारी नक्की काय ते कळवते म्हटलंय. ‘नाही’ असंच कळवणार आहे, फक्त तोंडातून शब्द निघत नाही.

तुम्ही बऱ्या आहात ना? एवढं तरी कळवा.


२३ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. तिसऱ्यांदा वाटलं, हिने दुसरा काय अर्थ काढायचा? मी हिला दुसरं काही सांगितलंय कुठे?

मुलगी झाली म्हणून? अगं, फोन आला तेव्हा मी अख्ख्या गल्लीला गोळा केलं होतं. दूधवाल्याला दोनदा सांगितलं. मला मुलगीच हवी होती, तुझ्या नवऱ्याच्या वेळीही. तो झाला, मग काय, ठेवून घेतला.

खरं ऐक. तुला सातवा महिना होता तेव्हा एका सकाळी माझ्या डाव्या हातातून दुधाचं पातेलं सुटलं. मला वाटलं वेंधळेपणा. मग कप सुटला, मग किल्ली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीकशी गुठळी होती, थोडक्यात निभावलं. चालता येतं, बोलता तर नको तितकं येतं. फक्त डाव्या हाताची पकड गेली. धरल्यासारखं वाटतं आणि नेमकं सुटतं. मुलाला सांगितलं नाही, कारण तो भट्टीपाशी काम करतो. आईचा विचार करत रसरशीत काच उचलायची म्हणजे झालं! तुला सांगितलं नाही, कारण तुझे दिवस भरत आले होते.

दवाखान्यात तू बाळ पुढे केलंस ना, तेव्हा माझा जीव नुसता तुटत होता. घ्यावंसं वाटत होतं गं. पण हातातून पातेलं सुटलं होतं, आणि पातेल्याचं काही जात नाही. म्हणून पिशवी. दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली, कारण आणखी राहिले असते तर मोह आवरला नसता. परतताना डब्यात रडले, तर शेजारची बाई म्हणाली, सून छळते का? मी ‘हो’ म्हटलं. तेवढं माफ कर.

आणि छप्पर धडधाकट आहे. गवंडी वगैरे कुणी नाही.

आता तूही एक खरं कर. संचालकांना ‘येते’ म्हणून सांग.

आई


२५ मार्च

आई,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, म्हणजे तुम्हाला नाही म्हणायला वेळच मिळायला नको.

यांना सांगितलं. आधी खूप चिडले, मग मोरीत जाऊन नळ सोडला. बाहेर आले तर डोळे लाल. म्हणाले साबण गेला. मी म्हटलं बरं.

आता ऐका. अठ्ठावीसला तुम्ही इथे यायचं. हे घ्यायला येताहेत, तिकीट काढलंय. बाळाला उचलायचं कामच तुम्हाला नाही. जमिनीवर गादी घालते, भिंतीला टेकून बसायचं, दोन्ही बाजूंना उशा, बाळ मांडीत. सुटलं तरी जाऊन जाऊन गादीवरच जाईल. उचलायला, फिरवायला लाँड्रीवाल्या मावशी. त्यांचे हात म्हणजे लोखंड आहे, पण त्यांच्यावर नजर ठेवायला मला कुणीतरी हवंच आहे, नाहीतर पुढच्या वेळी बाळालाही निळीतून काढतील.

मी कशी हो इतकं वाईट लिहून बसले? समोर आलात की दोन शब्द सुनवा. निमूट ऐकून घेईन.

संचालकांना ‘येते’ म्हणून कळवलं.

तुमचीच


४ एप्रिल

आई,

सुखरूप पोचलात ना? हे म्हणतात घर एकदम ओकंबोकं वाटतंय. खरंय. बाईसाहेब सकाळी तुमच्या गादीच्या जागेकडे बघतात आणि मग माझ्याकडे, म्हणजे जाब विचारल्यासारखं.

त्या संध्याकाळचं तुम्हाला नीट सांगायचंच राहिलं. कार्यक्रम फार सुंदर झाला. मला वाटलं होतं, सगळं लक्ष घराकडे लागेल, पण एकदा गज तारेवर टेकला आणि मी विसरूनच गेले. खरंच सांगते, दोन तासांत बाळाची एकदाही आठवण झाली नाही. स्वतःचीच लाज वाटली थोडी.

घरी आले, तुम्ही दार उघडलंत आणि ओट्यावर ती रिकामी बाटली दिसली. “प्यायली हो सगळं, शहाणी आहे,” असं तुम्ही म्हणालात. त्या एका बाटलीने माझ्या मनावरचा धोंडा उतरवला. दुसऱ्याच दिवशी संचालकांनी विचारलं, की आता आठवड्यातून तीन संध्याकाळी तालमीला येणार ना? बाटली आठवली आणि सांगून टाकलं, येणार. पुढच्या मंगळवारपासून सुरुवात. मावशी तयार आहेत. तुम्हाला जमेल तेव्हा तुम्ही.

हे सगळं तुमच्यामुळे.

तुमची सून


८ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र आलं आणि ताटातला घास ताटात राहिला.

बाईसाहेब एक थेंबही प्यायल्या नाहीत.

तू गेल्यावर थोडा वेळ राजी होत्या. मांडीत बसून माझ्या चष्म्याची काडी ओढत होत्या. मग भूक लागली आणि जो सूर लावला तो तुमच्या त्या सभागृहात कसा ऐकू आला नाही याचंच नवल. बाटली दिली, ओठ बंद. चमचा दिला, थुंकून टाकला. गाऊन दिला, अगदी पारोसा, मावशींना शपथ घालून हात लावू दिला नव्हता. त्यात तोंड खुपसून शोधलं, सापडलं नाही, तर आणखी रडली. मावशींनी फिरवलं, हलवलं, घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. म्हणाल्या, बोलवूया का हिच्या आईला? फोन त्यांच्या हातात होता. मी तो काढून घेतला. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही.

मग मला काहीच सुचेना, तेव्हा मी आपला जुना आवाज काढला. “कृपया थांबा. आपण मागितलेल्या आई सध्या दुसऱ्या लाईनवर आहेत. लाईन मोकळी होताच जोडून देते.” बया एकदम गप्प! तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, माझ्या ओठांकडे बघतेय. मी थांबले की परत भोकाड. मग काय, तिला सगळी गावं जोडून दिली. घसा सुकला. हुंदके देत देत माझ्या डाव्या हाताचा अंगठा धरून झोपली. उपाशी.

तुझी पावलं जिन्यात वाजली. दूध तसंच भरलेलं होतं. तू ते कसं काढतेस ते त्या दोन दिवसांत मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ते खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि बाटली ओट्यावर ठेवली. दार उघडायच्या आधीच मला तुझा चेहरा दिसत होता. आज हिला खरं कळलं तर ही पुन्हा घराबाहेर पडायची नाही, एवढंच डोक्यात होतं.

पण तू त्या बाटलीवर भरवसा ठेवून होकार दिलास. खोट्या बाटलीवर. ते मला सहन होईना. अजून मंगळवार यायचाय. मोडायचं असेल तर मोड, मी एका शब्दाने बोलणार नाही. माझ्यावर चिडायचं असेल तर जरूर चीड, पण मला परत येऊ दे.

आई


११ एप्रिल

आई,

मला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी कळलं. तुम्ही हात धुवायला गेलात, मी तिला झोपेतच जवळ घेतलं, तर कधी नव्हे अशी तुटून पडली, ठसका लागेपर्यंत. पोट भरलेलं बाळ असं पीत नाही हो. बाटलीचं बूच कोरडं ठणठणीत होतं. आणि मावशींना तुम्ही मला न सांगण्याची शपथ घातलीत, ती त्यांनी पहिल्या जिन्यापर्यंत पाळली. सकाळी कुंडीला मुंग्या लागल्या होत्या, त्या मी झटकल्या. यांना म्हटलं, कुठून येतात कोण जाणे.

मीही तुम्हाला खोटंच लिहिलं. एकदाही आठवण झाली नाही म्हणे! दुसऱ्याच रचनेत, अगदी संथ जागी, मला पान्हा फुटला. काळा ब्लाऊज होता म्हणून निभावलं. व्हायोलिन गळ्याशी धरून वाजवत होते आणि मला पक्कं कळत होतं, की ती आत्ता रडतेय. मी उठू शकत होते. दार दहा पावलांवर होतं. उठले नाही. ती रचना संपली, पुढची सुरू झाली, तीही वाजवली, आणि आई, मी फार चांगलं वाजवलं. बदलीची बाई पहिल्या रांगेत बसली होती, तिने उठून टाळ्या वाजवल्या.

हे तुम्हाला कसं लिहायचं? लेक रडतेय हे ठाऊक असून मी बसून राहिले, असं? त्यापेक्षा विसरले म्हटलेलं बरं वाटलं. आणि तुम्ही माझ्यासाठी दूध ओतून खोटं बोललात, ते मोडवेना. मला कुणीतरी एवढं सांभाळून घेतलं होतं. त्यावर दोन दिवस सुखाने काढले.

होकार मी त्या बाटलीवर नाही दिला. ती उपाशी झोपली होती हे माहीत असूनच दिला.

मंगळवारी तालीम आहे. ती रडेल, आणि मी जाईन. तुम्ही सोमवारी या. बाटली भरून ठेवीन. नाही प्यायली तर कुंडीत ओता, पण मी दारात आले की तोंडावर सांगा, नाही प्यायली म्हणून. मी आधी चप्पल काढेन, मग तिला घेईन.

तुमची सून